धूळ होती

लॅपटॉप सुरू होईपर्यंत तिचा चहा होत असे. पूर्वी तेवढ्या वेळात नुसता उकळायचा. मग गाळूनही व्हायला लागला. गेल्या महिन्यापासून तर चहा पिऊन, कप विसळून, ओट्यावरचं फडकं वाळत घालून ती परत येऊन बसली तरी पडद्यावरचं ते चाक आपलं गोल गोल फिरतच असायचं. तिला त्याचा राग येणंही बंद झालं होतं. राग यायलासुद्धा अंगात थोडी धुगधुगी लागते.

काम तिचं घरबसल्याचं. लोक म्हणायचे, मजा आहे बाई तुझी. मजा अशी की, डॉक्टर मंडळी तपासणीत काय दिसलं ते तोंडाने बोलून ठेवत, आणि ते कानाला हेडफोन लावून ऐकून तिने टाइप करून द्यायचं. अकरा वर्षं ती हेच करत होती. एक डॉक्टर तोंडात काहीतरी चघळत बोलायचे, दुसरे प्रत्येक वाक्याच्या शेवटी जांभई द्यायचे, आणि तिसऱ्या बाई इतक्या भरभर बोलायच्या की जणू मागे कुत्रं लागलंय. अनोळखी माणसांच्या पित्ताशयातले खडे तिला पाठ होते. स्वतःची पाठ मात्र गेली दोन वर्षं दुखत होती, ती दाखवायला सवड नव्हती.

आणि त्यात कंपनीचं पत्र आलं. सोमवारपासून टायपिंगचा सगळा कारभार नव्या प्रोग्रॅमवर. त्यासाठी लॅपटॉपला किमान आठ जीबी मेमरी हवी. सोमवारी सकाळी नऊ वाजता प्रत्येकाच्या मशीनची आपोआप तपासणी होईल, आणि जी मशीन त्यात बसणार नाही तिच्या मालकाचं नाव यादीतून कमी करण्यात येईल. पत्राच्या शेवटी ‘आपल्या सहकार्याबद्दल आभार’ होतंच. गळा कापून वर रुमाल द्यायची ही पद्धत तिला आता सवयीची झाली होती. तिच्या लॅपटॉपला चार होती.

दुकानदार म्हणाला, ठेवून जा, दोन दिवसांनी बघतो. दोन दिवस मशीन दुकानात म्हणजे दोन दिवसांचे रिपोर्ट बुडाले. मग त्याने चार जीबीची एक पट्टी तिच्या हातात ठेवली आणि सांगितलं, तुमच्या मशीनमध्ये एक जागा रिकामी आहे, तिथे ही सरकवायची, झालं. लहान पोरसुद्धा करेल. ज्याला काउंटरच्या पलीकडे बसून सांगायचं असतं त्याला सगळंच सोपं असतं.

नवरा म्हणाला, थांब, ऑफिसात एकाला विचारतो. बुधवारी विचारणार होता, शुक्रवारी विसरला, शनिवारी तो एक जण रजेवर होता, आणि रविवारी नवऱ्याचीच ड्युटी लागली. निघताना दारात बूट घालता घालता त्याने आवाज खाली आणून तेवढं मात्र बजावलं, की काही झालं तरी बाबांच्या हातात देऊ नकोस.

बाबा म्हणजे तिचे सासरे. त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं एवढं. पन्नास वर्षं त्यांनी तिथे एका डोळ्याला भिंग लावून काढली. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी दुकान बंद केलं. आता घड्याळं कोण लावतंय, सगळे मोबाइलमध्ये वेळ बघतात, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. लोक माना डोलवत. खरं कारण घरात तिला एकटीला माहीत होतं, आणि तेही त्यांनी सांगितलं नव्हतं. एका बाईच्या नाजूक घड्याळाची केसासारखी स्प्रिंग त्यांच्या चिमट्यात अडकून पिळली गेली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते घड्याळ घरी आणलं, खिडकीत बसून दिवसभर त्याच्याकडे बघितलं, आणि आठवड्याभरात कुलूप लावलं.

तेव्हापासून ते हात दिसू देत नसत. बसले की पेपरखाली, उभे राहिले की खिशात. ती त्यांना चहा अर्धाच कप देई आणि थोड्या वेळाने पुन्हा अर्धा. दोघंही त्याबद्दल कधी बोलले नव्हते.

तर रविवारी दुपारी ती लॅपटॉप उलटा करून जेवणाच्या टेबलावर बसली होती. समोर पट्टी, हातात स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमधला जाडजूड स्क्रूड्रायव्हर. लॅपटॉपच्या स्क्रूंपुढे तो म्हणजे सुईच्या भोकात पहार. सासरे दारात उभे राहून बघत होते. मग खोकले. मग म्हणाले, “काखेत कळसा आणि गावाला वळसा. या घरात बारीक स्क्रू उघडणारा माणूस एकच होता, असं मी ऐकून आहे.”

नाही म्हणायला हवं होतं. नवऱ्याचे शब्द कानात होते. पण त्या माणसाने आठ महिन्यांत पहिल्यांदा कशाला तरी हात लावू का असं विचारलं होतं, आणि तेही थट्टेच्या आडून. शिवाय खरं सांगायचं तर ती इतकी थकली होती की कुणीतरी तिच्यासमोरचं काम उचलून नेतंय यातच तिला बरं वाटलं. ती बाजूला सरकली.

त्यांनी आपलं खोकं आणलं. टेबलावर पांढरा कपडा पसरला. पाण्याच्या नळाला हात लावून आले, कारण दुकानदाराने तसं सांगितल्याचं तिने त्यांना सांगितलं होतं, अंगातली वीज उतरायला. भिंग डोळ्याला लावलं आणि पहिला स्क्रू काढला. तो कपड्यावर वरच्या बाजूला ठेवला, बारा वाजतात तिथे. दुसरा एकाच्या जागी, तिसरा दोनच्या. दुकानात ते असंच करत. लावताना उलट्या दिशेने यायचं, म्हणजे चूक व्हायला जागाच नाही. आणि शेवटचा स्क्रू काम चाललं की मगच लावायचा, आधी नाही. आधी लावला तर घड्याळाला वाटतं की आपली सुटका झाली, असं ते म्हणत.

हात थरथरत होता. पण स्क्रूड्रायव्हर खाचेत टेकला की थरथर कमी व्हायची, जणू हाताला बसायला जागा मिळाली. नऊ स्क्रू निघाले. झाकण निघालं. बॅटरीची वायर त्यांनी तिला विचारून काढली. ते बोलायला लागले होते. तिला कितीतरी दिवसांनी त्यांचा तो दुकानातला आवाज ऐकू आला, काम करता करता गिऱ्हाइकाला गुंतवून ठेवणारा. एक मास्तर होते म्हणे, त्यांनी घरीच घड्याळ उघडलं, चाकं खाली सांडली, आणि सगळी रुमालात बांधून घेऊन आले. म्हणाले, आपोआप बंद पडलं.

“मग तुम्ही काय सांगितलंत?” तिने विचारलं. गोष्ट तिला माहीत होती. घरात सगळ्यांनाच माहीत होती.

“दुसऱ्या दिवशी चालू करून हातात दिलं. म्हटलं, काही नाही मास्तर, धूळ होती.” ते हसले. “माणूस आधीच खजील होऊन आलेला असतो. त्याला आणखी काय सांगायचं? सगळ्यांना धूळच सांगायची.”

मग त्यांनी पट्टी चिमटीत धरली आणि रिकाम्या जागेकडे नेली. तिरकी धरून आत सरकवायची आणि मग आडवी करायची, असं दुकानदाराने सांगितलं होतं. अगदी तोंडाशी नेताना हात थरथरला आणि पट्टीची कड बाजूच्या पत्र्यावर आपटली. टक् असा बारीक आवाज झाला. दोघांनीही तो ऐकला. ते क्षणभर थांबले, मग सरकवली. ती अडली तिथे त्यांनी हात थांबवला. हा त्यांचा जन्माचा नियम होता. जोर लावावा लागला तर समजायचं, आपण चुकतोय. दुकानात हाताखाली शिकून गेलेल्या प्रत्येकाला त्यांनी हेच शिकवलं होतं, आणि घरातसुद्धा त्यांनी कधी अडलेलं दार ढकललं नाही की घट्ट बरणी पिळली नाही. कपाटाचा ड्रॉवर लागत नसला तर ते तो पुन्हा बाहेर काढून आत काय अडलंय ते बघत बसत. ती मात्र कमरेचा एक धक्का द्यायची आणि पुढच्या कामाला लागायची. त्या आवाजाने ते दर वेळी दचकत.

पट्टी आडवी झाली, बाजूच्या दोन चिमट्यांनी तिला धरलं. वायर जोडली. तिने लॅपटॉप सुलटा करून बटण दाबलं.

आत पंखा फिरल्याचा आवाज आला. पडदा काळा. बटणाजवळचा दिवा लुकलुकला आणि विझला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. चहा उकळण्याएवढा वेळ दोघं त्या काळ्या पडद्यात आपापले चेहरे बघत बसले. निदान ते चाक तरी फिरावं असं तिला वाटलं. ज्या चाकाला तिने वर्षभर शिव्या दिल्या त्या चाकासाठी ती आता देव पाण्यात ठेवून बसली होती.

सासऱ्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. “आपटली तेव्हाच गेली,” ते म्हणाले. “हात हलला माझा.”

तसं काही नसेल, असं ती म्हणाली. पण आवाजात दम नव्हता, कारण तिलाही तसंच वाटत होतं. ते उठले. चिमटा, स्क्रूड्रायव्हर, भिंग, सगळं एकेक करून खोक्यात ठेवलं. स्क्रू मात्र कपड्यावर तसेच होते, बारापासून आठपर्यंत. खोकं त्यांनी उचललं आणि दाराशी रद्दीच्या गठ्ठ्यावर नेऊन ठेवलं. भंगारवाला आला की देऊन टाक, म्हणाले. आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

ती तशीच बसून राहिली. आधी तिला त्यांचा राग आला. मग नवऱ्याचा, की तो बरोबर निघाला. मग स्वतःचा. संध्याकाळी तो येईल आणि काही बोलणार नाही, नुसता सुस्कारा टाकेल, आणि तो सुस्कारा आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल. सकाळी नऊला कंपनीचं यंत्र तिला शोधेल आणि ती सापडणार नाही. अकरा वर्षं. जांभया देणाऱ्या डॉक्टरांना कळणारही नाही की जांभया गाळून टाकणारी बाई बदलली. तिला रडू आलं नाही. डोळे नुसते जड झाले, आणि तिला वाटलं की इथेच, या नऊ स्क्रूंच्या शेजारी, डोकं टेकून झोपावं.

दुकानदाराला फोन लावला. रविवार होता. कुणी उचलला नाही.

मग करायला दुसरं काही नव्हतं म्हणून ती लॅपटॉप पुन्हा उलटा करून त्याच्या उघड्या पोटाकडे बघत राहिली. दोन पट्ट्या शेजारी शेजारी होत्या, जुनी आणि नवी. अकरा वर्षं दुसऱ्यांचे रिपोर्ट टाइप करून एक वाक्य तिच्या बोटांत बसलं होतं, ‘दोन्ही बाजूंची तुलना केली असता’. तिने तुलना केली. जुन्या पट्टीची सोनेरी कड पूर्ण आत गेलेली होती, दिसतच नव्हती. नवीची दिसत होती. नखाच्या कडेएवढी, पण दिसत होती.

इथे घोडं पेंड खात होतं.

तिने आधी बॅटरीची वायर काढली. मग दोन्ही चिमटे बाजूला केले. पट्टी उडी मारल्यासारखी वर आली. तिने ती तिरकी धरली, कडेवर अंगठा ठेवला आणि दाबलं. अडली. तिने आणखी दाबलं. मनात त्यांचा आवाज होता, आपण चुकतोय, आपण चुकतोय. पण तिला ड्रॉवर माहीत होता. अंगठ्यात पट्टीची धार रुतली, आणि खट् असा आवाज झाला, काहीतरी मोडल्यासारखा. बघितलं तर सोनेरी रेघ नाहीशी झाली होती.

वायर जोडून, लॅपटॉप सुलटा करून तिने बटण दाबलं. पडदा उजळला. चाक आलं, आणि तिने त्याच्याकडे नीट बघायच्या आत गेलंसुद्धा. तिने आत जाऊन आकडा पाहिला. आठ. कंपनीचा नवा प्रोग्रॅम उघडला, तो उघडला. त्यातलं तपासणीचं बटण दाबलं, हिरवी खूण आली. आनंद व्हायला हवा होता. तिला फक्त खूप वेळ उचलून धरलेलं काहीतरी खाली ठेवल्यासारखं वाटलं.

मग तिला आतल्या खोलीची आठवण झाली.

खरं सांगायचं म्हणजे, तुम्हाला जमलं नाही, मी केलं, असं सांगायचं. मग ते हो म्हणणार, चांगलं झालं म्हणणार, आणि पुन्हा भिंतीकडे वळणार. ते बघायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. दया वगैरे नंतरची गोष्ट, खरी गोष्ट ही की ती दमली होती. तिने हाक मारली, “बाबा, चालू झाला. या, झाकण लावायचंय.”

ते दारात येऊन उभे राहिले. हात खिशात. पडद्याच्या उजेडाकडे बघत त्यांनी विचारलं, कसा काय.

“काही नाही,” ती म्हणाली, “धूळ होती.”

शब्द तोंडातून निघून गेल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. घरात रोज कानावर पडणारे शब्द, थकलेल्या जिभेने समोर होते ते उचलले. ते येऊन बसले, तिने बंद करून दिलेला लॅपटॉप उलटा केला, झाकण ठेवलं, आणि आठच्या जागेवरचा स्क्रू उचलून तिच्याच त्या जाडजूड स्क्रूड्रायव्हरने लावायला गेले, पण तो खाचेत बसेना. तिने उठून रद्दीवरचं खोकं आणलं आणि त्यांच्या शेजारी ठेवलं. त्यांनी त्यातला बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला आणि आठपासून मागे येत एकेक स्क्रू लावला. बारावरचा, शेवटचा स्क्रू, तीनदा खाचेतून निसटला. चौथ्यांदा बसला.

“मी पन्नास वर्षं हे सांगत आलोय,” ते स्क्रूकडेच बघत म्हणाले. “सांगताना गिऱ्हाइकाकडे बघायचं नसतं, सूनबाई. काउंटर पुसत सांगायचं. तू माझ्याकडे बघत होतीस.”

ती खाली बघू लागली.

“आता खरं सांग. मी काय मोडलं होतं?”

“काही मोडलं नव्हतं. पट्टी पूर्ण आत गेली नव्हती, एवढंच. ती दाबावी लागते, बाबा. जोरात. खट् होईपर्यंत. ती अडली आणि तुम्ही थांबलात.”

“जोरात?” त्यांनी विचारलं. त्यांना ते पटत नव्हतं. त्यांनी तिचा हात पुढे ओढला, अंगठा उजेडाकडे वळवला. त्यावर लालसर खोल रेघ अजून होती. ते ती भिंगाशिवाय, डोळे बारीक करून बघत राहिले. “एवढा जोर?”

“एवढा.”

“म्हणजे आपटली म्हणून नव्हे.”

“नाही.”

“हात हलला म्हणून नव्हे.”

“हाताने काही झालं नव्हतं, बाबा. तुम्ही घड्याळासारखं केलंत, म्हणून ती अर्धी राहिली.”

तिला स्वतःची लाज वाटली. जे लपवलं तेच त्यांना हवं होतं, आणि ती त्यांना धूळ देऊन मोकळी होणार होती. सासऱ्यांनी दोन्ही हात टेबलावर, पांढऱ्या कपड्यावर उताणे ठेवले. ते थरथरत होते. खिडकीतून ऊन सरळ त्यांच्यावर पडत होतं आणि त्यांनी ते मागे घेतले नाहीत.

“चहा टाक,” ते म्हणाले. “आणि कप भरून दे. सांडला तर पुसू.”